पोथी आणि चिठ्ठी

कोल्हापूरच्या मनुष्याने कुस्ती सोडून बुद्धिबळावर बोलावे, हे पुष्कळांना विपरीत वाटेल. ज्या गावात खासबागेचे मैदान आहे, जेथे तालमीतली तांबडी माती अंगाला लावल्यावाचून पोर मोठे होत नाही असे म्हणतात, तेथे चौसष्ट घरांच्या पटावर माना वाकवून बसणाऱ्यांची गणती आळशांतच व्हावयाची. तथापि ज्याने दोन्ही पाहिले आहे त्याला ठाऊक आहे की, कुस्तीत आणि बुद्धिबळात शब्दसुद्धा समान आहेत. दोहोंकडे डाव आहेत, पेच आहेत, आणि प्रत्येक डावाला तोड आहे.

मी जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला, जन्मभर शाळेत मुलांना गणित शिकविलेला एक निवृत्त मास्तर. संगणकशास्त्राचा पंडित नव्हे. परंतु संगणक जे बुद्धिबळ खेळतात त्याची सुरुवात कशी व्हावी, या एका लहानशा प्रश्नाने मला अलीकडे फार विचार करावयास लाविले, आणि त्या विचारात माझ्या हातून घडलेली एक जुनी चूक मला पुन्हा दिसली. ती आज आपल्यापुढे सांगावी असे मनात आहे. प्रथम यंत्राची गोष्ट सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या पेठेतील वाचनालयात दोन मुले शेजारी शेजारी दोन मोबाईल ठेवून बसली होती. दोहोंत बुद्धिबळाचा एकच कार्यक्रम. या यंत्राची खेळी त्या यंत्राला सांगावयाची आणि त्याची याला. दर खेळीला अमुक इतकाच खोल विचार करावा अशी मर्यादा त्यांनी दोहोंकडे घातली होती. एक डाव झाला, पांढरे जिंकले. मुलांनी पुन्हा डाव लावला. पहिली खेळी तीच, दुसरी तीच, दहावी तीच. अखेरची मातही त्याच घरात. तिसऱ्यांदाही तेच. तेव्हा त्यातील धाकटा मला म्हणाला, “मास्तर, यानं पाठ केलंय व्हय?”

यंत्राने काहीच पाठ केले नव्हते. त्याला तेच गणित पुन्हा घातले, म्हणून तेच उत्तर पुन्हा आले. तुम्हीआम्ही कालचा डाव आज खेळत नाही. काल झोप झालेली असते, आज नसते. काल घोडा आवडला, आज उंट आवडतो. यंत्राला ना झोप, ना आवड. क्लॉड शॅनन नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने ही अडचण 1950 साली, संगणकाने बुद्धिबळ कसे खेळावे यावरील आपल्या प्रसिद्ध लेखातच दाखवून ठेविली होती. एका माणसाने अशा यंत्राला एकदा हरविले की त्याच खेळ्या करून तो त्याला जन्मभर हरवीत राहील! यावर उपाय म्हणून त्याने सुचविले की, दोन-तीन खेळ्या जवळजवळ सारख्या चांगल्या असतील तेथे यंत्राने मनातल्या मनात चिठ्ठी टाकावी आणि जी निघेल ती खेळावी. शिवाय डावाच्या प्रारंभासाठी नामांकित खेळाडूंनी पारखलेल्या काही शे खेळ्यांचे भांडार यंत्राच्या स्मरणात भरून ठेवावे, आणि त्यातूनही एखादी वाट नशिबाने निवडावी. या भांडारालाच पुढे ‘ओपनिंग बुक’ असे नाव पडले. मी त्याला आपल्या सोयीसाठी पोथी म्हणतो. पोथी आणि चिठ्ठी, या दोन गोष्टींचाच आजचा विषय आहे.

पोथी का लागते, ते पाहू. पट मांडल्यावर पांढऱ्याला पहिल्या खेळीसाठी वीस मार्ग असतात: आठ प्याद्यांचे प्रत्येकी दोन, आणि दोन घोड्यांचे प्रत्येकी दोन. काळ्यालाही तितकेच. म्हणजे एकेक खेळी होताच 400 प्रकार झाले. दोघांच्या दोन दोन खेळ्या होईपर्यंत ही संख्या 1,97,281 होते. येथून पुढचा हिशेब शेटाने आणि तांदळाच्या दाण्यांनी करण्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे; तीच गत येथे. यंत्र कितीही वेगवान असले तरी सुरुवातीच्या खेळीचे फळ कधी कधी तिसाव्या खेळीला पिकते, आणि तेथपर्यंत त्याची नजर पोहोचत नसे. उलट माणसांनी शेकडो वर्षे डाव खेळून, हरून, हळहळून काही वाटा बऱ्या व काही खड्ड्याच्या असे ठरवून ठेविले होते. तो अनुभव फुकट मिळत असता यंत्राने का घेऊ नये? अमेरिकेत रिचर्ड ग्रीनब्लॅट यांच्या 1967 च्या कार्यक्रमात अशी पोथी होती. 1980 साली यंत्रांचे जगज्जेतेपद मिळविणाऱ्या ‘बेल’ या यंत्रासाठी केन थॉम्पसन यांनी बुद्धिबळाच्या प्रारंभांच्या कोशातील खेळ्या स्वतः टंकित करून घातल्या. आपल्याकडे जुने शास्त्री पोथ्या नकलून काढीत, त्याच जातीचे हे काम.

ही पोथी रचण्याची एक युक्ती मोठी सुरेख आहे. त्यात खेळ्यांची ओळ मुख्य नसते, पटावरची स्थिती मुख्य असते. बिंदू चौकात आपण कोणत्याही रस्त्याने आलो तरी चौक तोच. तसेच घोडा आधी काढला आणि प्यादे मागाहून सरकविले, किंवा प्यादे आधी आणि घोडा मागाहून, तरी उभी राहिलेली स्थिती एकच. म्हणून प्रत्येक स्थितीला एक लांबलचक क्रमांक देतात (ही रीत आल्बर्ट झोब्रिस्ट यांनी 1970 साली दाखविली) आणि त्या क्रमांकापुढे लिहून ठेवतात की, येथे अमुक खेळी चालते, तिचे वजन इतके. तमुक खेळी चालते, तिचे वजन तितके. यंत्र त्या वजनाप्रमाणे चिठ्ठी टाकते. जड खेळी वारंवार निघते, हलकी क्वचित. चिठ्ठीने पोथीतील एक पान निघते. पोथी संपली म्हणजे मग यंत्राने स्वतः विचार करावयाचा.

ही पोथी किती प्रबळ ठरू शकते याचे उदाहरण सर्व जगाने पाहिले आहे. 11 मे 1997 रोजी न्यूयॉर्क येथे जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह आणि ‘डीप ब्लू’ हे यंत्र यांच्यात सहावा व अखेरचा डाव झाला. यंत्र सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपाशीत असे. पण त्या दिवशी त्याने आठव्या खेळीला जो घोडा बळी दिला, तो हिशेब करून दिलेला नव्हता; तो पोथीत लिहिलेला होता. ती पोथी ग्रँडमास्टरांनी हाताने रचलेली, सुमारे चार हजार स्थितींची होती, आणि तिच्या पाठीशी सात लक्ष डावांतून काढलेले दुसरे भांडार होते. त्या मंडळींपैकी स्पेनचे मिगेल इलेस्कास यांनी पुढे सांगितले की, हा घोड्याचा बळी आम्ही त्याच दिवशी सकाळी पोथीत घातला होता. कास्पारोव्हने एकोणिसाव्या खेळीला डाव सोडला आणि सामना यंत्राने साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी जिंकला. आता या डावात कोण जिंकले म्हणावे? यंत्र, की सकाळी पोथी लिहिणारा?

श्रोतेहो, हा प्रश्न मी सहज विचारीत नाही. मी स्वतः एकदा अशी पोथी लिहिली आहे.

त्यास आता पुष्कळ वर्षे झाली. माझ्या वर्गात एका शेतकऱ्याचा मुलगा होता. बुद्धिबळ तो आपल्या आजोबांकडून देशी पद्धतीने शिकला होता. प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर जावयाचे. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची अडीच घरांची उडी. प्यादे ज्या घराच्या ओळीत पोचेल त्या घराचे मोहरे व्हावयाचे. मुलगा विलक्षण होता. पट पाहून तो मिनिटभर गप्प बसे, आणि मग अशी खेळी करी की मी थक्क व्हावे. मी त्याला आंतरराष्ट्रीय नियम शिकविले, ते त्याने आठवड्यात आत्मसात केले. पुढे शाळांच्या स्पर्धा आल्या. माझ्या मनात हाव उत्पन्न झाली. मी पुस्तके मिळविली आणि चाळीस पानी वहीत प्रारंभांच्या खेळ्या सुवाच्य अक्षरात लिहून काढल्या. ‘त्याने असे केले तर आपण असे’ अशा ओळीच्या ओळी. दोन महिने मी त्याच्याकडून ती वही पाढ्यांसारखी घोकून घेतली. तो विचार करावयास थांबला की मी म्हणे, “अरे, विचार काय करतोस? आठव!”

स्पर्धेत पहिले दोन डाव त्याने वहीच्या बळावर सहज मारले. तिसऱ्या डावात समोर एक अगदी साधा मुलगा होता. त्याने तिसऱ्याच खेळीला कडेचे प्यादे एक घर पुढे सारले. खेळी वाईट होती, पण वहीत नव्हती. माझा मुलगा पटाकडे पाहीनासा झाला. तो छताकडे पाहू लागला. मी खिडकीबाहेर उभा होतो. मला कळले की तो विचार करीत नाही, आठवतो आहे. जे लिहिलेच नव्हते ते तो आठवीत होता. वीस मिनिटे गेली. मग त्याने घाईने खेळ्या केल्या आणि तो हरला. बाहेर आल्यावर मला एवढेच म्हणाला, “सर, हे तुमच्या वहीत नव्हतं.”

त्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला अधिक लागले. त्यानंतर तो पटावर बसला नाही. मी बोलाविले, तो हसून नाही म्हणाला. मी स्वतःची समजूत घातली की मुलाला गोडी राहिली नाही. खरे हे की, ती गोडी मी वहीत पुरून टाकिली होती.

पोथीवाचून खेळणारा मनुष्य किती उंच जाऊ शकतो, हे आपल्या देशाने जगाला दाखविले आहे. पंजाबातील मीर सुलतान खान देशी बुद्धिबळात वाढला. 1929 साली त्याचे धनी त्याला विलायतेत घेऊन गेले. युरोपातील प्रारंभांचे ग्रंथ वाचून तयारी करण्याची सोय त्याला नव्हती. असे असता 1929, 1932 आणि 1933 अशी तीन वर्षे तो ब्रिटिश विजेता झाला, आणि 1930 सालच्या अखेरीस हेस्टिंग्ज येथे त्याने माजी जगज्जेता कापाब्लांका यास नमविले. सुरुवातीला त्याची स्थिती पुष्कळदा अवघडे. मग मध्यावर तो विचाराने ती सावरीत असे. 2024 साली, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी, त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी देण्यात आली. आपल्या शेजारच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून मुलांच्या पिढ्या घडविल्या. त्यांच्याविषयी ज्याने ऐकले आहे त्याला कळेल की, चांगला गुरु मुलाला पटापुढे बसवितो, वहीपुढे नव्हे. ही गोष्ट दहा कोसांवर घडत असता माझ्या ध्यानात येऊ नये, हे माझे दुर्दैव.

आता चिठ्ठीकडे वळू. संगणकशास्त्रज्ञांपुढे एक व्यावहारिक अडचण आली. दोन कार्यक्रमांपैकी सरस कोणता, हे ठरवावयाचे कसे? नेहमीच्या मांडणीतून हजार डाव खेळविले आणि ते सारे एकसारखे निघाले, तर ते हजार डाव नव्हेत. तो एकच डाव हजारदा लिहिला. एकाच प्रश्नाची परीक्षा घेऊन विद्यार्थ्यांचा क्रम लावण्यासारखे ते झाले. बरे, प्रत्येकाला आपापली पोथी आणू दिली तर बुद्धी कोणाची आणि पोथी कोणाची, हे कळत नाही. तेव्हा त्यांनी असे केले की, पोथी परीक्षकाने आणावी. पुष्कळशा निरनिराळ्या स्थिती आधीच निवडून ठेवावयाच्या, त्यातून एक काढावयाची आणि तेथून डाव सुरू करावयाचा. शिवाय प्रत्येक स्थिती दोनदा खेळावयाची. एकदा हा पांढरा, एकदा तो. म्हणजे स्थिती एका बाजूला झुकलेली असली तरी अन्याय कोणावर नाही. इंग्लंडचे ग्रँडमास्टर व गणितज्ञ जॉन नन यांनी निवडलेल्या दहा स्थिती अशा परीक्षेसाठी प्रसिद्ध आहेत. ‘स्टॉकफिश’ या कार्यक्रमात कोणी लहानशी सुधारणा सुचविली तर 2013 पासून जगभरच्या स्वयंसेवकांच्या यंत्रांवर अशा विविध प्रारंभांतून हजारो डाव खेळवून मगच ती मान्य होते.

यातही एक गंमत झाली. यंत्रे इतकी बलवान झाली की समतोल स्थितीतून डाव सुरू केला तर बहुधा बरोबरीच व्हावयाची. म्हणून परीक्षक आता मुद्दाम झुकत्या स्थिती देतात. एका फेरीत तुला वरचढ बाजू, जिंकून दाखव. दुसऱ्या फेरीत तुला पडती बाजू, वाचवून दाखव. पडत्या बाजूने कसा झुंजतो यावरून मल्लाची पारख होते, हे आमच्या तालमीतील वस्तादांना कोणी सांगावयास नको.

ही रीत यंत्रांसाठीच निघाली असेही नाही. पाश्चात्त्य देशांतील ‘ड्राफ्ट्स’ नावाच्या सोंगट्यांच्या खेळात निष्णात खेळाडू त्याच त्या सुरक्षित वाटांनी जाऊन बरोबरी करू लागले, तेव्हा पहिल्या खेळ्या चिठ्ठीने ठरविण्याची पद्धत निघाली. अमेरिकेत 1934 पासून तीन खेळ्यांची चिठ्ठी रूढ झाली. आणि 2007 साली कॅनडातील संगणकशास्त्रज्ञांनी सिद्ध केले की, दोघेही निर्दोष खेळले तर त्या खेळाचा शेवट बरोबरीतच व्हावयाचा.

माणसांच्या बुद्धिबळात हीच चिठ्ठी बॉबी फिशर याने आणिली. 19 जून 1996 रोजी ब्यूनोस आयर्स येथे त्याने जाहीर केले की, प्यादी आपल्या जागी असू द्यावीत, पण त्यामागील आठ मोहरी चिठ्ठीने मांडावीत. दोन्ही बाजूंची मांडणी मात्र एकसारखी. अटी दोनच. एक उंट काळ्या घरात व एक पांढऱ्या घरात असावा, आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये कोठेतरी असावा. अशा मांडण्या किती? हे गणित घरी मुलांना अवश्य घालावे. काळ्या घरांच्या उंटाला चार जागा, पांढऱ्या घरांच्या उंटाला चार. चार चोक सोळा. उरलेल्या सहा घरांत वजिराला सहा जागा. सोळा सक शहाण्णव. राहिलेल्या पाच घरांत दोन घोडे दहा प्रकारांनी बसतात, झाले 960. उरली तीन घरे. मधले राजाचे, कडेची हत्तींची, तेथे निवडीला वावच नाही. आपली नेहमीची मांडणी ही या 960 पैकी एक. या खेळाचे आंतरराष्ट्रीय संघटनेचे पहिले जगज्जेतेपद 2019 साली वेस्ली सो याने मॅग्नस कार्लसनला हरवून मिळविले, आणि 2022 साली ते हिकारू नाकामुरा याच्याकडे गेले. घोकलेल्या वीस खेळ्या येथे कामास येत नाहीत. पहिल्या खेळीपासून डोके चालवावे लागते.

तर मग पोथी जाळून टाकावी काय? माझे मन काही काळ त्या टोकाला गेले होते. पण 2017 सालच्या एका गोष्टीने मला थांबविले. ‘अल्फाझीरो’ नावाच्या कार्यक्रमाला केवळ नियम सांगितले होते. पोथी नाही, माणसांचा एक डावही दाखविलेला नाही. तो स्वतःशीच लाखो डाव खेळला, आणि नव्या वाटा सुचाव्यात म्हणून त्याच्या निवडीत थोडी चिठ्ठीही मिसळलेली होती. असा खेळता खेळता तो कोणत्या सुरुवातींना येऊन पोहोचला असेल? माणसांनी शतकानुशतके पोथीत लिहिलेल्या पुष्कळशा सुरुवाती त्याला आपोआप सापडल्या. काही त्याने पुढे टाकून दिल्या, काही धरून ठेविल्या. म्हणजे पोथी खोटी नव्हती. आपल्या पूर्वजांनी धक्के खाऊन जे मिळविले तेच यानेही धक्के खाऊन मिळविले. वाईट होते ते एवढेच की, मी त्या मुलाला धक्के खाऊ दिले नाहीत. दुसऱ्याच्या प्रवासाचा नकाशा त्याच्या हाती दिला, आणि पाय मात्र बांधून ठेविले.

हल्ली शनिवारी सायंकाळी आमच्या वाचनालयात आम्ही एक जुना डबा ठेवितो. त्यात मोहऱ्यांच्या जागांच्या चिठ्ठ्या असतात. लहान मुलाने हात घालावयाचा, निघेल तशी मांडणी करावयाची, आणि तीच मांडणी रंग बदलून दोनदा खेळावयाची. महिन्यातून एक शनिवार मात्र नेहमीच्या मांडणीचा. त्या दिवशी मी एखादी जुनी सुरुवात दाखवितो, पण ‘ही खेळी का?’ याचे उत्तर मुलांनी दिल्यावाचून पुढची खेळी सांगत नाही. पोथी अशी वाचली तर ती जड होत नाही.

काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन वाचनालयात आले. केस पिकू लागले होते, तरी मी ओळखले. त्यांचा आता स्वतःचा लहानसा कारखाना आहे. मुलीने डब्यात हात घातला. राजा जवळजवळ कोपऱ्यात आणि दोन्ही घोडे शेजारी शेजारी, अशी विचित्र मांडणी निघाली. ती मिनिटभर पटाकडे गप्प पाहत बसली. ते गप्प बसणे मी पूर्वी पाहिले होते. तिच्या वडिलांना मी म्हटले, “बसा की तुम्हीही.” ते हसून म्हणाले, “नको सर, तिला बसू द्या.”

वहीविषयी तेव्हा माझ्या ओठांवर शब्द आले होते, पण धीर झाला नाही. त्यांच्या घरी रेडिओ लागतो, असे ते जाता जाता म्हणाले होते. म्हणून जे समोर बोलता आले नाही ते आज येथून बोललो. चूक त्यांची नव्हती, त्या कडेच्या प्याद्याचीही नव्हती. वही माझी होती.